तीन लाख किलोमीटर पळालेली कॅम्परव्हॅन घेताय?

माहूर, इसापूर धरण, सहस्रकुंड धबधबा... पुसदकरांनो, मुक्कामी भटकंतीसाठी आपला परिसर झकास आहे! त्यासाठी जुन्या ट्रॅव्हलरची केलेली कॅम्परव्हॅन घेणार असाल, तर आधी एवढं बघाच:

🔹 इंजिन थंड असतानाच सुरू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत जात असल्याची शंका घ्या.

🔹 काट्यावरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या नोंदी महत्त्वाच्या. चेसी गंजून सडली असेल तर गाडी सोडून द्या.

🔹 सीट काढून पलंग, ओटा बसवलाय? तो बदल आरसीवर नोंदलेला हवा. नाहीतर विम्याचा दावा अडकू शकतो.

🔹 एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवीच.

🔹 गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर ३५. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ची एनओसी.

टायर, क्लच, बॅटरीसाठी वेगळे पैसे राखून ठेवा. ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. त्याने होकार दिल्याशिवाय इसार देऊ नका.