जुन्या गाडीचा तडकलेला डॅशबोर्ड: जोडायचा, बदलायचा की हातच लावायचा नाही?

व्हिडिओत मी इंडिकाचा डॅशबोर्ड उघडून दाखवला, पण वीस मिनिटांत सगळं सांगून होत नाही. ज्यांच्याकडे सीट कव्हरचं, ॲक्सेसरीजचं किंवा डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे आणि ज्यांना हे काम जोडीला सुरू करायचंय, त्यांच्यासाठी उरलेलं इथे लिहितोय. रेटचं गणितही आहे, कारण बहुतेक जण तिथेच मार खातात. मीही खाल्ला.

आधी गिऱ्हाईक कुठून येतं ते बघा. मारुती ८०० बनणं २०१४ मध्ये थांबलं, इंडिका २०१८ मध्ये, सुमो आणि ओम्नी २०१९ मध्ये. पण दोंडाईचाच्या मार्केट यार्डाबाहेर एक चक्कर मारा, या सगळ्या गाड्या तुम्हाला उभ्या दिसतील. शिंदखेडा, शहादा, शिरपूर सगळीकडे तेच. गाडीला १५ वर्षं झाली की मालक पुन्हा फिटनेस करून घेतो, पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवतो. गाडी विकायची नसते, इंजिन चांगलं असतं. फक्त आत बसल्यावर समोर तडा दिसतो आणि बायको-पोरं टोमणे मारतात. हे आपलं गिऱ्हाईक. आखाजीच्या आधीचा महिना-दीड महिना माझ्याकडे हे काम सगळ्यात जास्त असतं. लेकी-जावई घरी यायचे असतात, लग्नसराई असते, गाडी जरा बरी दिसावी असं प्रत्येकाला वाटतं.

तडा का जातो?

नंदुरबारला पथारीवर मिरची वाळते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ओली मिरची वाकवली तर वाकते, वाळलेली वाकवली की तुटते. मऊ डॅशबोर्डचं असंच होतं. त्याच्या वरच्या कातडीत, म्हणजे पीव्हीसीच्या थरात, मऊपणासाठी तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. उन्हात तो हळूहळू बाहेर उडतो. गाडीच्या काचेला आतून धुरकट, चिकट थर बसतो ना, त्यात हेच मोठ्या प्रमाणात असतं. तेल गेलं की कातडी आक्रसते, कडक होते आणि एक दिवस फाटते.

८००, अल्टो, इंडिकासारख्या स्वस्त गाड्यांत कातडी-फोम काही नसतं, सरळ कडक प्लास्टिक असतं. तिथे ऊन प्लास्टिक ठिसूळ करतं आणि तडा जातो ताणामुळे. २०१८ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात संशोधकांनी तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्या मोजल्या होत्या. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान होतं आणि डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेले होते. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ म्हणजे रोजचंच. दुपारी प्लास्टिक फुगतं, रात्री आक्रसतं, आणि मागची लोखंडी पट्टी त्या मानाने फारच कमी हलते. म्हणून कंपनी स्क्रूची काही भोकं मुद्दाम लांबट ठेवते, प्लास्टिकला सरकायला जागा मिळावी म्हणून. मग कुणीतरी म्युझिक सिस्टिम बसवायला डॅशबोर्ड काढतो, परत बसवताना वॉशर टाकून तेच स्क्रू करकचून आवळतो. पुढच्या उन्हाळ्यात तडा ठरलेला. एसीच्या जाळीजवळ किंवा स्क्रूच्या कानापासून सुरू झालेला तडा दिसला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: "दादा, टेप कधी बसवला होता?"

प्लास्टिक कोणतं, हे ओळखल्याशिवाय हात लावू नका

माझं या कामातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या गावचे एक नाना. गाडी इंडिका, एसीच्या जाळीपासून वीतभर तडा. मी दोन ट्यूबचा इपॉक्सी भरला, पॉलिश पेपर मारला, वरून काळा स्प्रे. दिसायला एकदम झकास. बाराशे रुपये घेतले आणि संध्याकाळी खूश होऊन घरी गेलो. बारा-पंधरा दिवसांनी नाना दुकानात. "भाऊ, हाई तं परत तडकी गयं ना!" इपॉक्सी एका बाजूने पापुद्र्यासारखा सुटून वर आला होता. आवाज चढवला नाही त्यांनी, पण दुकानात तेव्हा आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती.

चूक इपॉक्सीची नव्हती. तो डॅशबोर्ड पॉलिप्रॉपिलिनचा होता, आपण त्याला पीपी म्हणतो. पीपीचा स्वभावच असा की साधा गोंद, सुपरग्लू, इपॉक्सी काही त्याला नीट धरत नाही. आइस्क्रीमचे डबे, दुधाचे क्रेट यांना काही चिकटवून बघा, कळेल. एबीएस नावाचं प्लास्टिक असेल तर मात्र तोच इपॉक्सी छान धरतो.

ओळखायचं कसं? भाग उलटा करा. मागच्या बाजूला दोन टोकदार कंसांच्या मध्ये अक्षरं उठवलेली असतात. पीपी, एबीएस, किंवा पीपी-टी२० असं काहीतरी. टी२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्कची पूड आहे. अक्षरं सापडली नाहीत तर मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, ॲसिटोनचा एक थेंब टाका. एबीएस असेल तर जागा चिकट होते, पीपीला काही फरक पडत नाही. काही जण तुकडा पाण्यात टाकून बघतात, तरंगला तर पीपी. पण टाल्क मिसळलेला पीपीही बुडतो, म्हणून त्या खुणेवर मी विसंबत नाही.

आता जोडणी. पीपी असेल तर चिकटवायचं नाही, वितळवून सांधायचं. तड्याच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटरचं छोटं भोक पाडा, नाहीतर तडा पुढे पळतो. ही पायरी नवशिके नेहमी विसरतात. मग मागच्या बाजूने हॉट स्टेपलरने नागमोडी पिना आडव्या बसवा. या पिना म्हणजेच खरी ताकद. त्यानंतर समोरून तड्याला व्ही आकाराची खाच करा आणि त्यात पीपीचीच पट्टी वितळवून भरा. पट्टी विकत मिळते, पण फुटक्या बंपरच्या कापलेल्या पट्ट्याही चालतात, फक्त त्यावर पीपी लिहिलेलं बघून घ्या. पीपी साधारण १६० अंशांच्या पुढे वितळतो. टोक त्याहून फार गरम असेल तर प्लास्टिक जळतं, धूर निघतो, आणि जळलेलं प्लास्टिक धरत नाही. खोलीत हवा खेळती ठेवा, मास्क लावा. कापडी रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

रंगाचं थोडक्यात सांगतो. पीपीवर आधी प्लास्टिक प्रायमर, मग टेक्स्चर, मग मॅट रंग. चकचकीत रंग देऊ नका, दुपारी त्याचं प्रतिबिंब काचेत पडून ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही. आणि प्रायमरच्या आधी डॅशबोर्ड धुणं हे अर्धं काम आहे. लोक वर्षानुवर्षं सिलिकॉनचं पॉलिश मारतात, त्यावर रंग टाकला की माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आधी साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही दोनदा.

मऊ डॅशबोर्डचं काम वेगळं. फाटलेली कातडी कापून, फोम भरून, लवचिक फिलर लावून वर रेक्झिन चढवावं लागतं. सीट कव्हरच्या कारागिराला रेक्झिन ओढायची सवय असते, पण डॅशबोर्डची वळणं सीटपेक्षा अवघड. पहिले सहा महिने हे काम घेऊ नका. गिऱ्हाइकाला मापाचं डॅशबोर्ड मॅट द्या. तडा झाकतो, ऊन थांबतं, तुमचेही चार पैसे सुटतात. आणि "मॅटने भागतंय, उगाच खर्च करू नका" असं सांगितलेलं गिऱ्हाईक पुढे सीट कव्हरला तुमच्याकडेच येतं, हा माझा अनुभव.

बदलायचा कधी?

स्क्रूचे दोनपेक्षा जास्त कान तुटले असतील, किंवा तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला असेल, तर जोडत बसू नका. बंद झालेल्या मॉडेलचा नवा डॅशबोर्ड मिळणं अवघड, त्यामुळे जुना शोधावा लागतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण फोनवर "इंडिकाचा डॅशबोर्ड पाठवा" एवढं सांगून पैसे टाकू नका. एसीचा वेगळा, बिनएसीचा वेगळा. त्याच गाडीच्या दोन सालांत मीटरची जागा नाहीतर क्लिप बदललेली असते. तुमच्या डॅशबोर्डचे समोरून आणि मागून फोटो पाठवा, त्यांच्याकडचे मागवा, भोकं जुळवा, बिल घ्या.

आणि मीटर मात्र गाडीचं जुनंच बसवा. भंगारातल्या डॅशबोर्डबरोबर कमी किलोमीटरचं मीटर आलं की मालकाच्या डोळ्यांत चमक येते. "राहू दे ना भाऊ तेच." नाही राहू द्यायचं. उद्या गाडी विकली की ती फसवणूक होते, आणि मीटर बसवणारे तुम्ही असता.

आता गणित. बीबीएला कॉस्टिंगचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालो होतो, तरी नानांना बाराशे सांगितले ते तड्याची लांबी बघून. तड्याच्या लांबीवर रेट ठरत नाही. डॅशबोर्ड काढायला दोघांचे दोन तास, बसवायला तीन तास, म्हणजे दहा मजूर-तास. जोडणी, घासाई, रंग मिळून एकाचे चार तास. एकूण चौदा. तासाला १२० रुपये धरले तर १,६८० फक्त मजुरी. पट्टी, पिना, प्रायमर, रंग ७००. गाडी दीड दिवस जागा अडवते, त्याचे ५००. झाले २,८८०. त्यावर काम परत आलं तर म्हणून दहा टक्के, २८८. म्हणजे ३,१६८ रुपये तुमच्या खिशातून जाणार, तेव्हा ३,८०० सांगितले तर कुठे सहाशे-साडेसहाशे सुटतात. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावची मजुरी घाला. पण दहा तास काढण्या-बसवण्याचे आहेत हे विसरू नका, जोडला काय आणि बदलला काय, ते लागणारच. म्हणून डॅशबोर्ड न काढता जागेवर काम होतंय का, हे आधी बघायचं.

गाडी आत घेण्याआधी मालकाला शेजारी उभं करून मोबाइलवर व्हिडिओ काढा. हॉर्न, लाइट, वायपर, एसीचा पंखा, मीटरवरचे दिवे. नाहीतर आधीपासून बंद असलेला पंखा तुमच्या नावावर लागतो.

एक काम मात्र कितीही पैसे दिले तरी घ्यायचं नाही. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असेल तर त्या झाकणाला किंवा आसपासच्या तड्याला जोडणी, फिलर, रेक्झिन, मॅट काहीही लावायचं नाही. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटावं म्हणून तिथे प्लास्टिक मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. तुम्ही ते मजबूत केलं तर एअरबॅग वेळेवर उघडणार नाही, किंवा तुमचा फिलर तुकडे होऊन समोरच्याच्या तोंडावर येईल. नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१ मध्ये. त्या गाड्याही आता जुन्या व्हायला लागल्यात, म्हणजे हा प्रश्न तुमच्याकडे येणारच. पिवळ्या वेष्टनातली वायर आणि पिवळा कनेक्टर दिसला की थांबायचं. तो भाग अधिकृत सर्व्हिस सेंटरकडूनच बदलून घ्यायचा.

गेल्या वर्षी एक जण अशीच गाडी घेऊन आला. विकायची होती, एअरबॅगच्या झाकणावरचा तडा गिऱ्हाइकाला दिसू नये एवढंच त्याचं म्हणणं. पाच हजार देतो म्हणाला, रोख. मंदीचा महिना होता, दुकानाचं भाडं थकलेलं. मी नाही म्हटलं. तासाभराने गाडी दुसरीकडे गेल्याचं कळलं आणि दोन दिवसांनी ती विकलीही गेली. घेणारं कुटुंब इथलंच आहे. झाकणाबद्दल मी त्यांना जाऊन सांगितलं, तर आधी विश्वास बसला नाही, स्पर्धेपोटी बोलतोय असं वाटलं. मग गाडी दाखवायला घेऊन गेले.

नानांचं काम मी पुन्हा केलं, फुकट, या वेळी पिना मारून. दीड दिवस गेला. तीन उन्हाळे झाले, तडा उघडलेला नाही. सीट कव्हरही त्यांनी माझ्याकडूनच घेतलं, भाव मात्र घासून केला.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी लगेच गिऱ्हाइकाची गाडी उघडू नका. हॉट स्टेपलर आणि पिना घ्या, भंगारवाल्याकडून दोन-तीन फुटके बंपर आणा आणि त्यावर हात बसवा. जोडलेला तुकडा दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवा, संध्याकाळी दोन्ही हातांनी वाकवून बघा. जोडावर तुटला तर अजून एक बंपर आणा.