वीजतंत्री होताना : दुसरं पुस्तक कोणतं घ्यायचं?

गेल्या आठवड्यात वीजतंत्री आणि तारतंत्री या दोन ट्रेडमधला फरक पाहिला. वीजतंत्रीला दहावी पास लागते आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. प्रवेश पक्का झाला की आयटीआय जालन्याची असो, अंबडची असो की परतूरची, पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, पुस्तक कोणतं घ्यायचं?"

पहिलं पुस्तक निवडायचंच नसतं. केंद्र सरकारने १९८६ मध्ये जर्मनीच्या मदतीने चेन्नईत एक संस्था उभी केली. तिला आज सगळे 'निमी' म्हणून ओळखतात. तिची 'ट्रेड थिअरी' आणि 'ट्रेड प्रॅक्टिकल' ही पुस्तकं अभ्यासक्रमाला धरून असतात आणि अखिल भारतीय परीक्षाही त्याच अभ्यासक्रमावर होते. प्रॅक्टिकलचं पुस्तक तर उत्तमच आहे. हत्यारं, साहित्य, आकृती, कृतीचा क्रम असं सगळं त्यात जॉबनुसार मिळतं. थिअरी मात्र आटोपशीर आहे. निदेशकाने फळ्यावर उलगडून सांगायचं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. मंठ्याच्या एखाद्या वस्तीवर रात्री एकटाच वाचत बसलेला पोरगा तिथे अडतो. त्याच्यासाठी दुसरं पुस्तक लागतं, आणि खरी निवड तिथेच करावी लागते.

दुकानात सगळ्यात जास्त खपतात प्रश्नसंच. लेखी परीक्षा संगणकावर आणि बहुपर्यायी झाल्यापासून तर पाठ्यपुस्तक बाजूला आणि गाइड पुढे, अशी गत आहे. गाइडला माझा विरोध नाही. पण ते शेवटच्या दोन महिन्यांत घ्यावं, वर्षाच्या सुरुवातीलाच नव्हे. दुसरीकडे घरात कुणी इंजिनिअर असेल तर थेराजांचा विद्युत तंत्रज्ञानावरचा जाडजूड ग्रंथ पोराच्या हाती येतो. ग्रंथ नामांकित आहे यात वाद नाही, पण तो डिप्लोमा-डिग्रीवाल्यांच्या गणितासाठी लिहिलेला आहे. दहावीनंतर आलेला मुलगा त्यातल्या समीकरणांतच गुंततो.

मग पारख कशी करायची? आधी सुरक्षेचं प्रकरण उघडा. तिथे फक्त 'भारतीय वीज नियम १९५६' एवढाच हवाला असेल तर पुस्तक सरळ परत ठेवा. त्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी घेतली आणि आता २०२३ चे विनियम लागू आहेत. मुखपृष्ठावर 'नवीन आवृत्ती' छापणं सोपं असतं.

त्यानंतर अर्थिंग. अडीच मीटरचा जीआय पाइप, ६० बाय ६० सेंटिमीटरची प्लेट, मीठ आणि कोळसा ही माहिती प्रत्येक पुस्तकात सापडते. रीडिंग कधी घ्यायचं, हे सांगणारी पुस्तकं थोडी. आपल्याकडे काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली खडक. श्रावणात ओल्या जमिनीत अर्थ टेस्टर जो आकडा दाखवतो, तो मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत टिकत नाही, रोध चांगलाच वाढतो. कोरड्या ऋतूतलं रीडिंग धरा, असं सांगणाऱ्या लेखकाने जमीन पाहिलेली असते.

पण माझा सगळ्यात आवडता सापळा स्टार-डेल्टा स्टार्टरच्या पानावर आहे. जालन्यात सळई बनवणाऱ्या रोलिंग मिल आहेत, बियाण्यांचे कारखाने आहेत, आणि सगळीकडे राज्य थ्री-फेज इंडक्शन मोटरचं. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला साधारण ५८ टक्के व्होल्टेज मिळतं आणि लाइनमधला सुरुवातीचा करंट थेट डेल्टात सुरू करण्याच्या एक तृतीयांशावर येतो, इथवर कुठलंही पुस्तक नेऊन सोडतं. पुढचा प्रश्न ओव्हरलोड रिलेचा. वीस एचपीच्या मोटरचा पूर्ण भाराचा करंट साधारण २८ अँपिअर. रिले लाइनमध्ये असेल तर सेटिंग २८. पण रिले मेन काँटॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या फेजमध्ये बसवलेला असेल तर सेटिंग त्याच्या ०.५८ पट, म्हणजे सोळाच्या आसपास. तिथेही नेमप्लेट पाहून २८ लावलं, तर लाइनमधून ४८ अँपिअर वाहू लागले तरी रिले गप्प बसतो आणि मोटर जळते. कंट्रोल डायग्राम सुबक छापून एवढी एक गोष्ट न सांगणारं पुस्तक मिलच्या मेंटेनन्स खात्यात काय कामाचं?

डीसी मशीनच्या आर्मेचर वाइंडिंगवर पानंच्या पानं खर्च करणारी पुस्तकं अजूनही भरपूर आहेत. अभ्यासक्रमात तो भाग आहे, परीक्षेत प्रश्नही येतात, म्हणून वाचायचा. मात्र त्याच पुस्तकात आरसीसीबी, व्हीएफडी आणि सोलर पॅनेलला मिळून चारच पानं असतील तर तोल गेलेला आहे. शेतावर सौरपंप बसतायत, तेव्हा पॅनेलच्या डीसी बाजूला स्विच कोणता आणि का, हे पोराला कळायला हवं.

निमीची पुस्तकं 'भारत स्किल्स' या सरकारी संकेतस्थळावरही वाचता येतात. म्हणून पहिल्या महिन्यात तेवढ्यावरच भागवावं, कुठे अडतंय ते वहीत टिपून ठेवावं आणि ती वही घेऊनच दुकानात जावं. संस्थेच्या ग्रंथालयात दोन-तीन पुस्तकं असतील तर अडलेला धडा त्या सगळ्यांत वाचून पाहावा, म्हणजे पैसेही वाचतात.

(पुढील आठवड्यात : वायरमन परवाना कसा काढायचा)