वडी दिसते, पण खायची नाही

ताईंनो, थंडी पडली की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. एक तिळगूळ, दुसरं टाचांच्या भेगा. माण-खटाव, जत-आटपाडीकडची कोरडी हवा, कराड-वाळव्याचा ऊस, तासगावच्या बागा, कुठंही जा, जानेवारीत बाईचा हात हातात घेतला तर खरखरीत लागतो. उसाचं पाचट ओरबाडतं, राखेनं भांडी घासून कातडी सुकते, रात्री अंथरुणाला टाच लागली तरी दोरे निघतात.

म्हणूनच गेल्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या बऱ्याच गटांत अंगाला लावायच्या वड्या करून बघितल्या गेल्या. मधमाशीचं मेण, कोकमाचं तेल आणि खोबरेल एकत्र वितळवून साच्यात ओतायचं. थंड झालं की घट्ट वडी. हातात धरली की हाताच्या उबेनं वरचा थर मऊ होतो, तो टाचेवर, कोपरावर, ओठांच्या कडेला चोळायचा. बाटली नको, सांडायची भीती नको. साचा पेढ्याचा किंवा मोदकाचा घेतला की दिसतंही झकास. साताऱ्याचे कंदी पेढे नावाजलेले, त्यामुळे "पेढा क्रीम" हे नाव कुणालाही सुचावं असंच आहे.

पण मागच्या संक्रांतीला एका हळदीकुंकवात मी जे पाहिलं ते सांगते. वाण म्हणून अशाच वड्या दिल्या होत्या, पिवळसर, चौकोनी, वेलचीचा वास घातलेल्या, साध्या कागदात गुंडाळलेल्या. शेजारीच तिळगुळाच्या वड्यांचं ताट. घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंनी एक उचलून तोंडात टाकली आणि एक नातवाच्या हातावर ठेवली. त्यांना मेण दाताला चिकटलेलं कळलं, पोराला कळलं नसतं. वेळेवर कुणाचं तरी लक्ष गेलं म्हणून निभावलं. करणाऱ्या बाईची चूक म्हणावी तर तिनं वडी छानच केली होती. फार छान केली होती, हीच अडचण.

यात नवीन काही नाही असं काही जणी म्हणतात, आणि त्यांचं अर्धं खरं आहे. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे गेलं की कोकणात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. रातांब्याच्या बिया वाळवायच्या, फोडून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं. ते निवलं की घट्ट होतं, मग मुठीत दाबून लांबट गोळे करायचे. त्यालाच मुठेल म्हणतात, कुठं भिरंडेल म्हणतात. थंडीत चमच्यावर थोडं गरम करून भेगेत सोडलं की चटका बसतो, पण दुसऱ्या दिवशी टाच मऊ. तो गोळाही लांबून खाऊसारखाच दिसतो. फरक असा, की मुठेल म्हणजे निव्वळ खाण्याजोगं तेल आहे. पोरानं चाटलं तरी बिघडत नाही. आपण मात्र त्यात मेण घालतो, सुगंधी तेल घालतो, कुणी रंग घालतं, कुणी भीमसेनी कापूर घालतं. कापूर आणि निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात थोडं जरी गेलं तरी झटके येऊ शकतात. म्हणून घरात लहान मूल असो वा नसो, आपल्या वडीत ही दोन्ही नकोतच.

आता कृती. सगळं वजनावर घ्या, वाटीवर नको. मेणाची वाटी आणि तेलाची वाटी सारख्या वजनाची भरत नाही आणि मग "मागच्या खेपेला चांगली झाली होती" एवढंच हातात राहतं. 100 ग्रॅम मधमाशीचं मेण, 100 ग्रॅम कोकम तेल, 100 ग्रॅम खोबरेल. यात 20 ग्रॅमच्या पंधराएक वड्या होतात. मेण साधारण 62 ते 64 अंशाला वितळतं, कोकम तेल 40 च्या आसपास, खोबरेल 24 लाच. म्हणजे वडीला उभं ठेवतं ते मेण. डिसेंबरात हे प्रमाण बरोबर आहे. एप्रिलमध्ये सांगलीच्या उन्हात हीच वडी डबीत चिखल होईल, तेव्हा मेण 120 आणि खोबरेल 80 करा. खात्री करायची तर एक वडी डबीत घालून दुपारभर पत्र्याखाली ठेवून बघा. तिथं टिकली तर एसटीतही टिकेल.

मेण कुठून आणायचं? आपल्याच जिल्ह्यातून. महाबळेश्वर, जावळी भागात मधपाळ आहेत, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि 2022 साली मांघर हे मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं विचारपूस करा. बाजारात मेणबत्तीचं मेण "मधाचं" म्हणून गळ्यात मारलं जाऊ शकतं, तर ओळख ठेवा. खऱ्या मेणाला मधाचा मंद वास असतो, तुकडा मोडला तर आत दाणेदार दिसतो आणि तळहातात धरून दाबत राहिलं की लवतो. मेणबत्तीचं मेण घसरट, अर्धवट पारदर्शक आणि बिनवासाचं असतं.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात स्टीलचं छोटं पातेलं. थेट चुलीवर किंवा गॅसवर मेण कधीच नाही, ते पेट घेतं. पेटलंच तर वर झाकण टाका आणि गॅस बंद करा, पाणी ओतू नका, पाण्यानं भडका उडतो. आधी मेण पूर्ण वितळू द्या, मग कोकम तेल, शेवटी खोबरेल. खाली उतरवून मिनिटभर निवू द्या आणि वास घालायचाच असेल तर तेव्हा घाला. एवढ्या मापाला लव्हेंडर तेलाचे 20 थेंब पुष्कळ झाले. खरं सांगायचं तर मेणाचा स्वतःचा वास इतका छान असतो की मी काहीच घालत नाही. लिंबाचं किंवा संत्र्याचं तेल घालू नका. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी काळवंडू शकते, आणि आपल्याला तर दिवसभर उन्हातच राहायचं.

साचा सिलिकॉनचा असला तर वडी सहज सुटते. लाकडी साच्याला आतून तेलाचं बोट फिरवा. पातळ प्लॅस्टिकचा मोदकाचा साचा गरम मेणानं वाकडा होतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. पातेलं, चमचा, साचा, हात, सगळं कोरडं ठक्क हवं. या वडीत पाणीच नसतं म्हणून तिला बुरशी येत नाही आणि टिकवण्याचं औषध घालावं लागत नाही. त्यात गुलाबपाणी, दूध, साय, मध किंवा ताजी कोरफड घातली की हा हिशेबच मोडला. दिसायला चार दिवस काही होणार नाही, पण आत घाण वाढते आणि तीच आपण भेगाळलेल्या, उघड्या टाचेत चोळतो. खोबरेलऐवजी तिळाचं तेल चालेल, तेही चांगलं टिकतं. करडईचं लवकर खवट होतं. शेंगदाण्याचं घेऊ नका, काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. तिळाचीही असू शकते, म्हणून जे घातलं ते डबीवर लिहायचं. पहिल्यांदा वापरणारीनं कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबावं.

हळद घालायची का, हा सांगलीच्या गटांचा हमखास प्रश्न. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमान रास्त आहे. पण वडीत हळद घातली की चादर पिवळी, पायमोजे पिवळे, आणि वडी थेट केशरी पेढ्यासारखी. पूड तेलात विरघळतही नाही, खाली बसते. घालायचीच तर चिमूटभर हळद कोमट तेलात ठेवून मलमलच्या कोरड्या फडक्यातून गाळून ते तेल वापरा. माझं मत विचाराल तर हळद भाजीत बरी.

आता आकाराचं. वडीचा आकार घेऊच नका असं मी म्हणत नाही, तोच गिऱ्हाईक थांबवतो. पण खाऊचा आकार, खाऊचा रंग आणि खाऊचा वास हे तिन्ही एका वस्तूत आणू नका. वेलची, केशर, चॉकलेट, व्हॅनिला हे वास बाद. वर पिस्त्याचे काप, चांदीचा वर्ख बाद. चौकोनी वडी केली तर तिच्यावर पावलाचा किंवा हाताचा ठसा उमटवा. ओतताना मधोमध जाड सुती दोऱ्याचा फास सोडला तर आणखी चांगलं. दोरा असला की वडी न्हाणीघरात खुंटीला टांगताही येते. मोदकाचा साचा मात्र वापरू नका, गौरी-गणपतीत घरात कोण काय उचलेल सांगता येत नाही. वडी झाकणाच्या डबीतच द्यायची, मिठाईच्या खोक्यात किंवा द्रोणात नाही. डबीवर ठळक "फक्त लावण्यासाठी, खाऊ नये" आणि शेजारी तोंडावर काट मारलेलं चित्र, कारण वाचता न येणाऱ्या आजीच्या हातातही ती जाणार आहे. वाणात दिली तर हातात देताना तोंडानं सांगा. प्रदर्शनात चटणी-लाडवांच्या चवीच्या ताटाशेजारी ती ठेवू नका, वेगळं टेबल घ्या.

ही माझीच भीती आहे असं समजू नका. युरोपात 1987 साली नियम झाला, की खाण्याची वस्तू वाटेल आणि त्यामुळं मुलांना वा इतरांना धोका होईल अशी वस्तू विकता येत नाही. केकसारख्या दिसणाऱ्या अंघोळीच्या गोळ्यांचं प्रकरण तिथल्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयात गेलं आणि 2022 साली निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं, की खाऊसारखी दिसते एवढ्यावरून वस्तू आपोआप धोक्याची ठरत नाही, पण धोका होईल का हे तपासायचं आणि त्यासाठी आधी कुणाला इजा झाल्याचे आकडे लागतातच असं नाही.

एवढं करूनही मुलानं तुकडा खाल्लाच तर तोंडातला राहिलेला भाग बोटानं दिसेल तेवढाच काढा. ओकारी काढायला लावू नका, मेण आणि तेल श्वासनळीत जाऊ शकतं. खोकला, श्वासाला त्रास, सुस्ती दिसली किंवा वडीत सुगंधी तेल असेल तर डबी बरोबर घेऊन दवाखाना गाठा, गाडीसाठी 108.

शेवटी विक्रीचं, कारण इथं पैसे अडकतात. घरात वापरायला, मैत्रिणीला द्यायला परवाना लागत नाही. विकायला लागतो. पापड-चटणीसाठी आपण काढलेली अन्न नोंदणी इथं चालत नाही, हे सौंदर्यप्रसाधन आहे. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. त्याला वेगळी स्वच्छ जागा आणि फार्मसी किंवा रसायनशास्त्र शिकलेली जबाबदार व्यक्ती लागते. एकट्या गटाला हे झेपणं कठीण. पण नियमात दुसरीही वाट आहे. ज्यांच्याकडे परवाना आणि कारखाना आहे त्यांच्या जागेत आपल्या नावानं माल करून घेण्याचा परवाना असतो, त्याला लोन लायसन्स म्हणतात. ते ग्रामसंघानं किंवा प्रभागसंघानं मिळून केलं तर खर्च वाटला जातो. डबीवर मग परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वजन, घटक, पत्ता आणि कधीपर्यंत वापरायचं ते छापावं लागतं. "भेगा बऱ्या करते" असं लिहायचं नाही, तो औषधाचा दावा होतो. "त्वचा मऊ ठेवते" चालतं. "आयुर्वेदिक" शब्दासाठी परवाना वेगळा.

म्हणून अंतर्गत कर्ज काढून दहा किलो मेण आणण्याआधी परवान्याचं काय, हा विषय बैठकीच्या नोंदवहीत घ्या. तोवर 300 ग्रॅमचा एक घाणा घरासाठी करा. अंघोळीनंतर पाय टिपून, किंचित ओलसर असतानाच टाचेला लावा आणि पायमोजे घाला, नाहीतर फरशीवर घसराल. साखरेचा आजार असलेल्या बाईची भेग खोल असेल, त्यातून रक्त किंवा पू येत असेल तर वडी बाजूला ठेवून आधी दवाखाना.

पातेलं गरम असतानाच जुन्या कागदानं पुसून घ्या, मोरीत ओतलं तर मेण नळीत घट्ट बसतं. आणि ते पातेलं याच कामाला वेगळं ठेवा, त्यात परत चहा नको.