गव्हाची हद्दपारी

दुबईतील अल बर्शा वस्तीत, मॉल ऑफ द एमिरेट्सच्या मागल्या बाजूस राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या यकृताची चौकशी अखेरीस त्यांच्याच स्वयंपाकघरात येऊन ठेपली, आणि तिची पुढील अंमलबजावणी मला तेथे बसून पाहता आली.

वार्षिक तपासणीत एएलटी व एएसटी ही विकरे वाढलेली निघाली, तेव्हा मद्याला कधी न शिवलेल्या या गृहस्थांना जो तो प्रथम मद्याविषयीच विचारी; मग काविळीच्या विषाणूंची, मग यकृतावरील मेदाची झडती झाली, आणि सर्व निर्दोष ठरल्यावर टीटीजी नामक प्रतिपिंडाची परीक्षा निघाली. तोवर गहू सोडू नका, अशी सक्त ताकीद होती. कारण गहू आधीच सुटला तर प्रतिपिंडे ओसरतात आणि परीक्षा फसते. पुढे दुर्बिणीने काढलेल्या लहान आतड्याच्या तुकड्यांत अन्नरस शोषणारे अंकुर झिजून सपाट झालेले दिसले, आणि गव्हासारख्या धान्यांनी आतडे बिघडवणाऱ्या सीलिअॅक विकाराचे निदान पक्के झाले.

पोटाची विशेष तक्रार नसताना यकृत बिघडावे, यात नवल वाटते खरे. परंतु ‘लॅन्सेट’मधील 1977 च्या एका स्वीडिश निबंधातही सीलिअॅकच्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे 40 टक्क्यांची विकरे चढलेली आढळली होती. आतड्यातून निघालेले रक्त प्रथम यकृताच्या जकातनाक्यावर येते. दाहाने आतड्याची भिंत सैल पडली की नको तो मालही तेथे थडकतो, असा एक तर्क आहे. गहू, जव व राय वर्ज्य केल्यावर बहुतेकांची विकरे वर्षभरात उतरतात. न उतरल्यास स्वप्रतिकारजन्य यकृतदाहासारख्या जोडव्याधीचा शोध घ्यावा लागतो.

वर्ज्य करणे म्हणजे काय, हे मात्र वहिनींच्या ओट्यापाशी कळते. लाकडी पोळपाटाच्या चिरांत पीठ राहते, म्हणून भाकरीची परात आणि तवा निराळे. गव्हामागून दळलेली ज्वारी चालत नाही, म्हणून दळण घरच्या चक्कीवर. भाजणीत गहू, रव्यात गहू, आणि ज्याच्यावर कोणी संशय घेणार नाही त्या बाजारी हिंगातही बहुधा गव्हाचेच पीठ! मी आणलेली डबी उघडू लागताच “थांबा भाऊजी, आधी वाचू द्या,” म्हणून त्यांनी ती काढून घेतली. उलट साबुदाणा, वरी, राजगिरा ही एकादशीची मंडळी आता रोजच्या फळीवर कायम झाली आहेत, आणि मला विचाराल तर एवढी सोय आपल्या उपवासांनी क्वचितच केली असेल.

हा विकार रक्ताच्या नात्यांत आढळण्याचा संभव अधिक, म्हणून आता दोन्ही मुलांची परीक्षा व्हायची आहे. तोपर्यंत त्यांचाही गहू सोडता येत नाही. तेव्हा घरच्या धन्याची भाकरी आधी उरकून, ओटा पुसून, मग मुलांच्या पोळ्यांसाठी जुना पोळपाट खाली काढावा लागतो.