हात गेला, पण कमाई किती टक्के गेली?



सुगी आली की मळणी यंत्राची घरघर शिवारात सुरू होते. पेंढी आत सारताना सदऱ्याची बाही अडकते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होत्याचे नव्हते होते. कडबा कुट्टीच्या यंत्राचेही तेच. तुमच्या पंचक्रोशीत असा एखादा हात, अशी दोन-चार बोटे गेलेली तुम्ही पाहिली असतील. दवाखाना होतो, जखम भरते, माणूस घरी येतो. मग कोणी शहाणा सांगतो, "अरे, भरपाईचा दावा लाव." दावा लागतो. निकाल हाती पडतो तेव्हा घरची माणसे कपाळाला हात लावतात. गडी तर कामातून गेला, मग कागदावर "वीस टक्के" कुठून आले?

या टक्क्याविषयीच आज बोलायचे आहे. कारण सारी भरपाई या एका आकड्यावर उभी असते, आणि तो आकडा कसा ठरतो हे दावा लावणाऱ्यालाच बहुधा ठाऊक नसते.

आधी हिशेब पाहू. कामावर असताना इजा झालेल्या कामगाराला मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत मिसळला गेला, तरी हिशेबाची मूळ रीत तीच आहे. माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर महिन्याच्या मजुरीच्या ६० टक्के रकमेला त्याच्या वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तिसाव्या वर्षासाठी हा आकडा २०७.९८ आहे. म्हणजे महिना १०,००० रुपये मिळवणारा तीस वर्षांचा गडी पूर्ण निकामी ठरला, तर ६,००० गुणिले २०७.९८, असे १२,४७,८८० रुपये होतात. तोच गडी वीस टक्के निकामी ठरला तर २,४९,५७६. माणूस तोच, यंत्र तेच, गेलेला हात तोच. फरक जवळजवळ दहा लाखांचा.

आता टक्का ठरतो कसा? कायद्यालाच इजांची एक यादी जोडली आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. कोपराच्या वर हात तुटला तर किती भाग उरला हे मोजून ७० किंवा ८०. यादीत नसलेल्या इजाही पुष्कळ असतात. मनगट आखडते, शीर तुटून मूठ वळत नाही, कंबरेचा मणका सरकतो. अशा वेळी यादीकडे नजर ठेवून डॉक्टरांनी आकडा द्यायचा असतो. आणि इथेच पहिली गफलत होते. कायदा डॉक्टरांना विचारतो की या माणसाची कमावण्याची ताकद किती घटली. दाखल्यावर मात्र पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते की उजव्या हातात ४० टक्के अपंगत्व. हाताचे ४० म्हणजे सगळ्या देहाचे ४० नव्हेत, आणि देहाचे जितके तितकीच कमाई गेली असेही नाही. कोणाची कमी जाते, कोणाची सगळीच जाते.

सगळी जाते कशी, याचा दाखला सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी दिला आहे. ओरिसातल्या जेपूर गावी एका सिनेमागृहात नक्षीकाम करणारा सुतार १९६८ च्या जुलैत काम करताना पडला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. आयुक्तांनी, म्हणजे या दाव्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, त्याची कमाई शंभर टक्के गेली असे ठरवले आणि ९,८०० रुपये भरपाई, शिवाय निम्म्याइतका दंड व व्याज द्यायला सांगितले. मालक भांडत भांडत दिल्लीपर्यंत गेला. म्हणणे असे की इजा अर्धवट आहे, यादीप्रमाणे टक्के धरा. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले ते अगदी घरगुती शहाणपणाचे होते. हा माणूस सुतार आहे, आणि सुतारकाम एका हाताने होत नाही. शंभर टक्के कायम झाले.

त्यामागे कायद्यातली एक व्याख्या आहे, ती ध्यानात ठेवा. पूर्ण निकामी म्हणजे अंथरुणाला खिळलेला नव्हे. अपघाताच्या घडीला जी जी कामे करण्याची त्याची कुवत होती, ती सगळी आता त्याला होत नाहीत, म्हणजे पूर्ण निकामी. कुवत कशाची होती हा प्रश्न डॉक्टरांच्या पेटीतला नाही. तो शेताच्या बांधावरचा आहे.

परदेशात याची एक वेगळी तऱ्हा आहे. अमेरिकेत सरकारी अपंगत्व वेतन नाकारले गेले आणि माणसाने दाद मागितली, की सुनावणीत डॉक्टरी कागदांच्या जोडीला बहुधा एक व्यवसायतज्ज्ञ साक्षीला असतो. न्यायाधीश त्याला विचारतात: अमुक वयाचा, एवढे शिकलेला, इतके वजन न उचलणारा माणूस कोणते काम करू शकेल? तज्ज्ञ कामांची नावे सांगतो आणि देशात तशा जागा किती आहेत तेही सांगतो. ते काम माणसाच्या घराजवळ आहे का, जागा रिकामी आहे का, त्याला कोणी ठेवून घेईल का, हे तिथला कायदा पाहत नाही. देशात ते काम पुरेशा संख्येने असले म्हणजे झाले. आणि ज्या सरकारी ग्रंथातून ही नावे वर्षानुवर्षे काढली जात, त्याची शेवटची दुरुस्ती १९९१ सालची! तिकडच्या गरिबांचेही अर्ज अशा साक्षीवर पडतात. मला ही रीत काही फार न्यायाची वाटत नाही. पण एक गोष्ट मानावी लागेल: शरीर काय करू शकते आणि त्या शरीराला काम कोणते मिळेल, हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे तिथे उघड मान्य केले जाते, आणि दुसऱ्या प्रश्नाला वेगळा साक्षीदार असतो.

आपल्याकडे असा साक्षीदार नेमलेला नसतो. म्हणून ती खुर्ची रिकामी राहते, आणि रिकाम्या खुर्चीचा फायदा समोरचा वकील घेतो. पुढचा प्रसंग मनाने रचलेला आहे, पण असे होऊ शकते. डॉक्टर साक्षीला उभे आहेत. विमा कंपनीचे वकील नम्रपणे विचारतात, "डॉक्टरसाहेब, हा माणूस काहीच काम करू शकणार नाही, असे आपले म्हणणे आहे का?"

"नाही, तसे नाही. हलके काम करू शकेल."

"आभारी आहे."

संपले. डॉक्टर खोटे बोललेले नाहीत. पण त्या "हलक्या कामा"ने दाव्याचा जीव घेतला. आता तुमच्या वकिलांनी उठून विचारायला हवे: "डॉक्टरसाहेब, हा इसम ऊस तोडतो. डाव्या हाताने ऊस धरून उजव्याने कोयता मारावा लागतो. या डाव्या हाताची मूठ वळते का? मोळी डोक्यावर तोलताना हा हात खांद्याच्या वर जाईल का? पन्नास किलोचे पोते पाठीवर घेता येईल का?" तीन वेळा "नाही" असे उत्तर आले की कागदावरचे चित्र पालटते. पण वकिलांना हे सुचणार कसे? त्यांनी कधी मोळी उचललेली नसते. त्यांना ते तुम्ही सांगायचे.

म्हणून वकिलांकडे जाण्याआधी घरात बसून एक कागद करा. शिकलेल्या मुलाला, सुनेला लिहायला बसवा. अपघाताच्या आधी हा माणूस वर्षभर काय काय करत होता? नांगरट, कुळवणी, रात्रीची दारे धरणे, खुरपणी, गुरांची वैरण, धारा काढणे. प्रत्येक कामाला कोणता हात लागतो, वाकावे लागते का, किती वेळ उभे राहावे लागते, किती ओझे असते, हे साध्या शब्दांत लिहा. मजुरी कशी मिळत होती, रोजाने की सालाने, तेही लिहा. मग ज्याच्याबरोबर तो राबला त्या गड्याला, मुकादमाला, शेजारच्या शेतकऱ्याला साक्षीला तयार करा. अपघातानंतर कामाला नेऊन पाहिले आणि अर्ध्या दिवसात परत पाठवावे लागले, असे कोणी शपथेवर सांगितले तर त्याचे वजन मोठे असते. हेच आपले व्यवसायतज्ज्ञ.

मात्र फुगवून सांगू नका. हे मी नीतीच्या गप्पा म्हणून सांगत नाही, नुकसान होते म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ता अपघाताच्या एका दाव्यात हा सगळा विषय उलगडून सांगितला. जखमी माणूस पनीर विकणारा होता. डाव्या पायाचा ४५ टक्क्यांचा दाखला त्याच्याजवळ होता. न्यायालयाने साऱ्या देहाचे अपंगत्व २५ टक्के आणि कमाईची घट २० टक्के धरली, कारण त्या पायाने त्याचा धंदा पूर्ण बसत नव्हता. त्याच निकालात उदाहरण दिले आहे: डावा हात गेलेला माणूस गाडीचा चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, आणि तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. डॉक्टरांनी शरीराचे सांगावे, कमाईची घट न्यायाधिकरणाने ठरवावी, असेही त्यात स्पष्ट आहे. आणि सढळ हाताने वाटलेल्या तयार दाखल्यांकडे संशयाने पाहा, असा इशाराही आहे. तेव्हा उपचार केलेल्या डॉक्टरांचे कागद हे खरे सोने. पहिल्या दिवसाचा केसपेपर, एक्स-रे, शस्त्रक्रियेची नोंद, घरी सोडतानाचे कार्ड, सारे एका पिशवीत जपून ठेवा. पावसात भिजलेले एक्स-रे घेऊन कोर्टात गेलेले लोक मी पाहिले आहेत.

डॉक्टर साक्षीला येत नाहीत ही रड सगळीकडे आहे. त्यांचीही अडचण असते. बाहेर रुग्णांची रांग सोडून कोर्टाच्या ओट्यावर दिवसभर बसायचे कोणी? त्याच निकालात न्यायालयाने सुचवले आहे की डॉक्टरांना ताटकळत ठेवू नये, वेळ ठरवून साक्ष घ्यावी, गरज तर कमिशन नेमून त्यांच्या ठिकाणी घ्यावी. तुमच्या वकिलांना तसा अर्ज देण्याची आठवण करा.

रस्त्यावरच्या अपघातात शेतकरी स्वतः जखमी झाला तर आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: जमीन जागेवर आहे, पीक येतेच आहे, मग नुकसान कसले? २००३ साली एका शेतकऱ्याच्या मृत्यूच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जमीन वारसांकडे राहते हे खरे, पण ती कसायला, देखरेखीला आता माणूस लावावा लागेल, त्याचा विचार व्हावा. तेव्हा सातबाऱ्याबरोबर गडी ठेवल्याचा खर्च, दूध संस्थेची पावती-पुस्तके, कारखान्याची ऊसबिले, अपघाताच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही लावा. आणि घरची लक्ष्मी जखमी झाली तर "ती काही कमवत नव्हती" असे स्वतःच लिहून देऊ नका. घरकामालाही मोल आहे आणि ते भरपाईत धरावे लागते, हे जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले आहे. शेतातली तिची खुरपणी आणि गोठ्यातली मेहनत तर त्याहून वेगळी.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. ट्रॅक्टरने किंवा विजेवर-इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने शेती करताना राबणारा मजूर या कायद्याच्या यादीत आहे. म्हणजे तुमच्या यंत्रावर तुमचा गडी जखमी झाला, तर मालक तुम्हीच. दोन एकरवाल्या मालकाला बारा लाख कुठले? यासाठी विमा मिळतो. सुगीच्या आधी विमा एजंटाशी त्याविषयी बोललेले बरे.

राहिले अपिलाचे. पुष्कळांची समजूत असते की खाली नीट झाले नाही तर वर हायकोर्टात बघू. कामगार भरपाईत तसे होत नाही. हायकोर्टात साठ दिवसांत अपील होते, पण फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर. गडी काय काम करत होता, मूठ वळते की नाही, कमाई किती घटली, या गोष्टी आयुक्तांपुढेच ठरतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात हायकोर्टाने आयुक्तांनी ठरवलेल्या टक्क्यात हात घातला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करून आयुक्तांचा निकाल परत कायम केला. वस्तुस्थितीवरचा शेवटचा शब्द आयुक्तांचा, असे सांगितले. याची दोन तोंडे आहेत. आयुक्तांपुढे पुरावा भक्कम असेल तर वरच्या कोर्टात तो सहसा हलत नाही. आणि तिथे मुकादमाची साक्ष राहून गेली, डॉक्टरांना मोळीविषयी विचारलेच नाही, तर ते वर जाऊन सांगता येत नाही. मालक किंवा विमा कंपनी अपिलात गेली तरी आधी भरपाईची रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते, एवढा दिलासा आहे.

अपंगत्वाच्या सरकारी दाखल्यावरचा टक्काच चुकला असे वाटले, तर त्याचे अपील निराळे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे त्यासाठी वेगळा अपील अधिकारी असतो. सवलतींसाठी बहुधा ४० टक्क्यांची अट लागते, म्हणून ३८ चा दाखला हाती आला तर गप्प बसू नका. अर्जाला जुने सगळे केसपेपर जोडा आणि पुन्हा तपासणी मागा. भरपाईच्या दाव्याची तारीख जवळ आली असेल तर या फेरतपासणीची वाट पाहत बसू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आणि बरोबरीच्या गड्यांची साक्ष आधी नोंदवून घ्या.