ढोल वाजू दे, कान नको!

गणपती दोन महिन्यांवर आले की पुण्यात मुठेच्या काठाने संध्याकाळचे सराव सुरू होतात. कमरेला ढोल, हातात टिपरू, शेजारी ताशा, आणि वादकांमध्ये कितीतरी जण जेमतेम अठरा-वीसचे. या पोरापोरींच्या कानांचं गणित मोठं मजेशीर आहे, आणि थोडं घाबरवणारंही.

एका ढोलाशेजारी तसाच दुसरा वाजला, तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने. 100 ढोलांचा एकत्रित आवाज एका ढोलाहून 20 डेसिबलच जास्त! 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पथकात 30 जणांचीच मर्यादा घातली होती, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पण शंभराचे तीस झाले असते, तरी आकडा जेमतेम 5 ने उतरला असता. वादकाच्या कानाला तर स्वतःचा आणि शेजारचा ढोलच सगळ्यात जवळ. म्हणजे संख्येचा वाद कसाही सुटो, त्याचा कान त्यालाच सांभाळायचाय.

हे 3 डेसिबल किरकोळ समजू नका. 85 डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो, 88 चा चारच तास. दर 3 ला वेळ निम्मा, आणि 100 ला उरतात फक्त 15 मिनिटं! सराव मात्र तासन् तास चालतो.

कानाला स्वतःचा ब्रेकसुद्धा आहे. मोठा आवाज आला की शरीरातला सगळ्यात छोटा स्नायू आकसतो आणि कानातलं रिकिबीचं हाड ओढून धरतो. पण त्याला सेकंदाचा काही शतांश वेळ लागतो. ताशाची काडी तेवढ्यात वाजून मोकळी! त्यातून ताशाचा आवाज टोकदार, आणि कानाची नळी नेमके तसलेच स्वर आणखी वाढवून आत पाठवते.

आत, प्रत्येक कानात, आवाज टिपणाऱ्या सुमारे 15,000 केशपेशी असतात. कोंबडीच्या मेल्या तर पुन्हा उगवतात. आपल्या उगवत नाहीत. सरावानंतर कानात शीळ वाजते आणि सकाळी थांबते, म्हणून निर्धास्त राहू नका. उंदरांवरच्या प्रयोगांत ऐकणं पूर्ववत झाल्यावरही मज्जातंतूंचे जोड तुटलेले सापडले आहेत. कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन ही शीळ वर्षानुवर्षं सोसतोय आणि कानात प्लग घालूनच गातो.

कापसाचा बोळा? फारसा उपयोग नाही. औषधाच्या दुकानातला फोमचा प्लग घ्या. बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमायला लागला की समजा, नीट बसला! फोममुळे ताशा जरा दबलेला वाटतो, हे खरं. त्यावरही तोड आहे: सगळे स्वर सारखेच कमी करणारे, खास वादकांचे प्लग 1988 पासून मिळतात.

पथकप्रमुखांनो, यंदा नावनोंदणी करताना कुर्त्याच्या मापाबरोबर प्रत्येकाच्या हातात प्लगची जोडी ठेवा. सरावाआधी एकदा आणि विसर्जनानंतर एकदा सगळ्यांचे कान तपासून घ्या. आणि नवख्यांना प्लग घालायला लावायचा असेल, तर तुम्ही स्वतः आधी घाला.