भंगारात द्यायच्या आधी: शाळेचे जुने लॅपटॉप आणि लिनक्स

शाळेच्या संगणक कक्षात एक कपाट असतं, ते सहसा कोणी उघडत नाही. आत सात-आठ लॅपटॉप एकावर एक रचलेले, चार्जरच्या वायरींचा गुंता, एखाद्यावर देणगी देणाऱ्या कंपनीचा स्टिकर. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे म्हणून टाकता येत नाहीत, आणि चालू व्हायला पाव तास घेतात म्हणून वापरता येत नाहीत. आपल्या अंबरनाथ पूर्वेतल्या शाळा याला अपवाद नसाव्यात.

त्यात 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे 2017 च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप अधिकृतपणे बाद. मग कोणीतरी म्हणतं, ‘विंडोजऐवजी लिनक्स टाका ना!’ तिथून दोन तट पडतात. एकाला लिनक्स म्हणजे संजीवनी वाटते, दुसऱ्याला नसती डोकेदुखी. दोघांचंही अर्धंच खरं असतं.

‘प्रोसेसरच जुना झालाय, आता काही होणार नाही’

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या आय-थ्री प्रोसेसरला मराठी टायपिंग, यूट्यूबवरचा धडा किंवा जिओजेब्रा जड जात नाही. रखडते ती हार्ड डिस्क. तिच्या आत तबकडी फिरत असते, आणि विंडोज सुरू होताना अपडेट, अँटिव्हायरस, फायलींची शोधसूची अशी दहा कामं एकदमच तिच्याकडे येतात. लॅपटॉप हँग झाला की टास्क मॅनेजर उघडून बघा. अनेकदा प्रोसेसर निवांत असतो आणि डिस्कच्या रकान्यात 100 टक्के दिसतात. अशा यंत्रात डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवली की निम्मं काम झालं. लिनक्सचं नाव त्यानंतर काढायचं.

रॅम 4 जीबीवरून 8 केली तर उत्तमच. फक्त घेताना जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर3 आणि डीडीआर3एल या दिसायला जुळ्या बहिणी, पण दुसरी कमी व्होल्टेजवर चालते आणि चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना तीच लागते. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा नकली मालावरचा विनोद आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेला. त्यामुळे पार्ट अंबरनाथला घ्या, उल्हासनगरला घ्या नाहीतर लॅमिंग्टन रोडला, पक्कं बिल मात्र घ्या. शाळेच्या हिशेबाला ते तसंही लागतंच.

एक बारकी गोष्ट. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर2032. वर्षानुवर्षं कपाटात पडून तो उतरतो आणि लॅपटॉपची तारीख एकदम मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळावर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडतो. बाई म्हणतात नेट बिघडलंय, नेटवाला म्हणतो लॅपटॉप बिघडलाय. दोष त्या सेलचा. उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी बघावी.

‘लिनक्स टाकलं की काहीही पळतं’

ही लिनक्सप्रेमींची थाप. लुबुंटू, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, एमएक्स, अँटीएक्स या हलक्या प्रणाली खरोखर हलक्या आहेत. नुसत्या सुरू असताना त्या काही शे एमबी रॅममध्ये भागवतात. पण हलकी असते ती प्रणाली. संकेतस्थळं हलकी होत नाहीत. 2 जीबीच्या यंत्रावर लिबरऑफिस छान चालेल. ब्राउझरमध्ये पाच टॅब उघडलेत की पुन्हा रखडपट्टी. अशा लॅपटॉपवर ऑनलाइन तास घ्यायचा हट्ट धरू नये. त्यांना टक्सपेंट, जीकॉम्प्रिस, स्टेलेरियम द्या, किविक्सवर मराठी विकिपीडिया उतरवून द्या, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ द्या. नेट नसलं तरी मुलं गुंततात.

आणि 32-बिट प्रोसेसर असेल, म्हणजे जुने ॲटमवाले नेटबुक वगैरे, तर नाद सोडलेला बरा. लिनक्ससाठीचा 32-बिट क्रोम 2016 मध्येच बंद झाला. जुन्या यंत्रांचा शेवटचा आधार मानल्या जाणाऱ्या डेबियननेही ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून 32-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. कपाटातून लॅपटॉप काढताना आणखी एक बघा: टचपॅड वर उचलला गेला असेल तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका. जाणकाराकडून काढून घ्या आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर बरेच लॅपटॉप चालतात.

‘ते काळ्या पडद्यावर टाइप करायचं असतं’

वीस वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरं. आज मिंट उघडलंत तर खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. मुलांना फरक लवकर कळतही नाही.

‘मराठी चालत नाही’

चालते, आणि उत्तम चालते. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासून असतो, फोनेटिक काही मिनिटांत चढवता येतो. बहुतेक लिनक्स प्रणालींतून मिळणारा लोहित देवनागरी हा टंक रेड हॅटने मोफत खुला केलेला आहे. सीडॅकने तर 2007 मध्ये बॉस ही डेबियनवर आधारलेली भारतीय भाषांची प्रणालीच काढली.

मग हा समज आला कुठून? शाळेच्या ऑफिसातून. वर्षानुवर्षांची पत्रं, दाखल्यांचे नमुने, परिपत्रकं युनिकोड येण्याआधीच्या टंकांत टाइप केलेली असतात. कुठे आयएसएमचा सुरेख, कुठे श्रीलिपी, कुठे कृतिदेव. त्या फायलींत खरी मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी चिन्हांना मराठी मुखवटा चढवलेला असतो. तो टंक नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की भलतीसलती अक्षरं दिसतात आणि खापर लिनक्सवर फुटतं. खरं तर टंक नसेल तर नव्या विंडोजवरही हेच होतं. रोजच्या उपयोगाचे नमुने एकदा युनिकोडमध्ये करून घेणं हाच उपाय, आणि तो लॅपटॉप बदला वा न बदला, करायला हवाच.

‘ऑफिसचं काम होणार नाही’

इथे शंका घेणाऱ्यांचं थोडं ऐकावं लागेल. यू-डायस, सरल, शालार्थ ही सरकारी संकेतस्थळांवरची कामं ब्राउझरमध्ये होतात. त्यांना खाली विंडोज आहे की लिनक्स, याने फारसा फरक पडत नाही. अडतं ते यंत्राला जोडलेल्या वस्तूंवर. अनेक ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 हा प्रिंटर लिनक्सवर बसवणं म्हणजे डोक्याला ताप. एचपीचा 1020 चालतो, पण त्याला वेगळं प्लगइन लागतं. डिजिटल सहीचं डोंगल, बोटाचा ठसा घेणारं यंत्र यांचीही आधी चाचणी हवी. माझं मत सरळ आहे: हेडक्लार्कच्या टेबलावरच्या संगणकाला हात लावू नका. वर्गातल्या लॅपटॉपपासून सुरुवात करा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कवरचं काही न पुसता. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासा आणि मगच फॉरमॅट मारा. त्याआधी जुने निकाल आणि फोटो दुसरीकडे उतरवून घ्या.

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’

लागू शकतो, अपडेट टाळू नयेत. पण शाळेतला रोजचा त्रास म्हणजे शॉर्टकट व्हायरस. पेन ड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडे देऊन आणला की फोल्डर गायब आणि त्या जागी शॉर्टकट. तोच पेन ड्राइव्ह लिनक्सला लावा: लपवलेले फोल्डर जसेच्या तसे दिसतात आणि विंडोजसाठी लिहिलेली ती फाइल तिथे निपचित पडून राहते. ती पुसून टाका, नाहीतर पुढच्या संगणकावर पोचवण्याचं काम तुम्हीच कराल.

‘मुलांना पुढे विंडोजच लागणार, मग हे कशाला?’

एमएस-सीआयटी केलेल्या पिढीचा हा प्रश्न आहे, आणि प्रामाणिक आहे. केरळने त्याचं उत्तर कधीच दिलंय. तिथल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त प्रणालीवर शिकवतात. 2019 मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी नवी लिनक्स आवृत्ती आली, तेव्हा 3,000 कोटी रुपये वाचल्याचा तिथल्या यंत्रणेचा दावा होता. आकड्यावर वाद घाला, पण तिथली मुलं नोकरीला मागे पडली असं कोणी म्हणत नाही.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. अंबरनाथहून कर्जत लोकल पकडा. कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 2007 मध्ये ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. ती हिरवी-पांढरी यंत्रं 433 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर आणि 256 एमबी रॅमवर चालत, आणि आत लिनक्सच होतं. तुमच्या कपाटातला सगळ्यांत रडका लॅपटॉपही त्यांच्यापुढे पैलवान आहे.

‘फुकट तर आहे!’

परवाना फुकट, माणूस नाही. पासवर्ड विसरला, वायफाय गेलं, मुलाने पॅनेलच उडवून टाकलं, अशा वेळी कोणाला हाक मारायची हे ठरलेलं नसेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅपटॉप परत कपाटात गेलेले दिसतील. सगळ्या यंत्रांवर एकच प्रणाली टाका, एका शिक्षकाला आणि नववीच्या दोन-तीन मुलांना ती नीट शिकवा. पाच प्रकारच्या प्रणाली टाकून बघण्याची हौस घरच्या लॅपटॉपवर भागवावी.

आणि घरातला किंवा कंपनीतला जुना लॅपटॉप शाळेला देणार असाल तर दोन गोष्टी करा: त्याचा बायोस पासवर्ड काढून टाका, आणि चार्जर सोबत द्या.